चारी बाजू माहीत आहेत, तरी क्षेत्रफळ का निघत नाही?

ओंजळ
मंडळी, एक घरगुती भांडण इथे घेऊन आले आहे. गावच्या घरापुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरलंय. दादाने (चुलत, थोरला) टेप लावून चारी बाजू मोजल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकल्या. रस्त्याच्या बाजूने सुरू करून ओळीने ६०, ४०, ५०, ३० फूट. खाली लिहिलं, "कोणीतरी हिशेब करून एरिया सांगा रे, ठेकेदार ६५ रुपये स्क्वेअर फुटाने करतो म्हणतोय."

दहा मिनिटांत तीन उत्तरं आली. अण्णाकाका: १९२५. भाचा (इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष): १८९७. वहिनी: "दोन हजार धरा, ब्लॉक फुटतातच." ठेकेदाराचा आकडाही १९२५ निघाला, त्यामुळे काका भलतेच खूश आहेत. भाचा म्हणतो काकांची रीत चुकीची. काका म्हणतात, तू जन्मायच्या आधीपासून मी जमिनी मोजतोय.

माझा साधा प्रश्न. त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्या की क्षेत्रफळ निघतं, हे शाळेत शिकल्याचं आठवतंय. मग चौकोनाच्या चार दिल्यावर का निघू नये? आणि निघत असेल तर दोन उत्तरं कशी?

टवाळ_टिनपाट
वहिनींचं उत्तर बरोबर आहे. धागा बंद करा.

खडूफळा
ओंजळताई, आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या. टोकाला टाचण्या टोचून चौकोन करा आणि दोन समोरचे कोपरे धरून दाबा. चौकोन चपटा होत जाईल. काड्यांची लांबी तीच, आतली जागा मात्र कमी कमी. आता तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबून बघा. हलणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. त्याला पाचवं माप लागतं, एखादा कर्ण किंवा एखादा कोन. पंचकोनाला सात लागतात, षट्कोनाला नऊ. एक कोपरा वाढला की दोन मापं वाढतात.

गवंड्याचा_नातू
खडूफळा सरांशी सहमत. शेताच्या लाकडी फाटकाला आतून एक तिरकी पट्टी ठोकलेली असते बघा, ती यासाठीच. पट्टी काढा, दोन पावसाळ्यांत फाटक खाली झुकून जमिनीला घासायला लागतं. चारी फळ्या होत्या तेवढ्याच असतात.

आमचे आजोबा पाया आखताना चार खुंट्या ठोकून झाल्या की पहिल्यांदा दोन्ही कर्ण सुतळीने मोजायचे. म्हणायचे, "बाजू सगळ्यांच्या जुळतात, कर्णात खोटं बाहेर येतं."

चष्मिष्ट
बसल्या बसल्या आकडे काढले. ६० आणि ४० च्या मधल्या कोपऱ्यासमोर जो कर्ण येतो (म्हणजे एकीकडे ६०-४० चा त्रिकोण, दुसरीकडे ५०-३० चा) तो किती फूट आहे त्यावर सगळं अवलंबून. दोन त्रिकोण, दोन्हींना हेरॉनचं सूत्र (तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं, शाळेतलंच), आणि बेरीज:

कर्ण ५० असेल तर १७०८ चौ. फूट
५५ असेल तर १८१४
६० असेल तर १८८०
६५ असेल तर १८९६
७० असेल तर १८४७

म्हणजे मापं दादांनी दिली तीच, आणि उत्तरं पाच. हवी तर पन्नास काढून देतो.

भाच्याचं १८९७ हे या चार बाजूंत मावू शकणारं जास्तीत जास्त क्षेत्रफळ आहे. चारी कोपरे एकाच वर्तुळावर बसले तरच ते मिळतं. तुमचं अंगण वर्तुळात बसवून आखलंय का? नसेल, तर भाच्याने गुपचूप पाचवं माप स्वतःच्या खिशातून घातलंय.

काकांची रीत म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार: ५५ गुणिले ३५. ही रीत काटकोनी अंगणाला बरोबर, बाकी कुठल्याही चौकोनाला जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. इथे तर १९२५ अशक्यच आहे, कारण कमाल १८९७. अंगण कसंही असो, काका आणि ठेकेदार दोघेही चूक.

ओंजळ
बाप रे. मग कमीत कमी किती?

चष्मिष्ट
शून्य. ६० मधून ४० गेले २०, ५० मधून ३० गेले २०. कर्ण बरोब्बर २० केला की चारी बाजू एका रेषेत घडी होऊन बसतात. पेव्हर ब्लॉकचा खर्चच नाही.

टवाळ_टिनपाट
दादांना सांगा, अंगण घडी करून ठेवा, दिवाळीला उघडू.

जुनी_पोथी
भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) याच प्रश्नावर किती वैतागून लिहिलंय ते कोणी सांगितलंच नाही? चौकोनाचा एखादा लंब किंवा कर्ण न सांगता जो नेमकं क्षेत्रफळ विचारतो, त्याच्याबद्दल:

स पृच्छकः पिशाचो वा वक्ता वा नितरां ततः ।
यो न वेत्ति चतुर्बाहुक्षेत्रस्यानियतां स्थितिम् ॥

असं विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठं पिशाच्च, कारण चौकोनाची स्थिती 'अनियत' असते हे त्याला कळलेलं नाही.

पुढे उदाहरणही आहे, चारी बाजू २५ असलेल्या चौकोनाचं. कर्ण ३० आणि ४० घेतले तर क्षेत्रफळ ६००. १४ आणि ४८ घेतले तर ३३६. दोन्ही कर्ण सारखे असले तर चौरस, ६२५. बाजूंना कोणी हातसुद्धा लावलेला नाही.

आणि गंमत अशी की काका आणि भाचा हे भांडण ब्रह्मगुप्ताच्या एकाच श्लोकात सापडतं (इ. स. ६२८). समोरासमोरच्या बाजूंच्या निम्म्या बेरजांचा गुणाकार म्हणजे 'स्थूल' फळ, हे तुमचे काका. आणि अर्ध्या परिमितीतून एकेक बाजू वजा करून, गुणून, वर्गमूळ काढलं की 'सूक्ष्म' फळ, हा तुमचा भाचा. ते सूक्ष्म सूत्र फक्त वर्तुळात बसणाऱ्या चौकोनाला लागतं, ही अट त्या श्लोकात लिहिलेली नाही. भास्कराचार्यांचा राग तिथला असावा असं मला वाटतं.

ओंजळ
हा श्लोक ग्रुपवर टाकू का? त्या हिशेबाने दादा पिशाच्च आणि काका महापिशाच्च होतात.

कोकणी_मेवा
टाका टाका. आम्ही शेंगदाणे घेऊन बसलोय.

सायलीची_आई
थोडं अवांतर, पण याच विषयातलं. मुलीच्या चौथीच्या सराव पेपरात गणित होतं: "एका दुकानात पेन १२ रुपयांना आहे. राजूने काही पेन आणि ३ वह्या घेतल्या. एकूण किती पैसे दिले?" छापताना काहीतरी गळलं असणार. सायलीने ३६ लिहिलं. म्हटलं का, तर "आई, दोनच आकडे होते, मग गुणले." वर्गातल्या बऱ्याच जणांचं ३६ होतं आणि काहींचं १५. "हे गणित सुटत नाही" असं लिहिणारी एकच मुलगी होती, आणि तिने लिहून खोडून परत ३६ केलं होतं.

चष्मिष्ट
@सायलीची_आई, हे जगभर होतं. १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षणातल्या मंडळींनी प्राथमिकच्या मुलांना मुद्दाम विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांतून काहीतरी वय काढलंच. ३६ हे वय कप्तानाला शोभतंही. २०१८ साली चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या पाचवीच्या परीक्षेत तेच मेंढ्या-शेळ्यांचं गणित आलं आणि पालकांनी समाजमाध्यमांवर गदारोळ केला. तिथल्या शिक्षण खात्याने सांगितलं की चूक नाही, मुलं स्वतः विचार करतात का ते बघायचं होतं.

टवाळ_टिनपाट
मेंढ्या असत्या दहा अन् शेळ्या सव्वीस, तर कप्तान तेवढाच म्हातारा असता का?

रोखठोक_राणे
मला हा सगळा सूर पटत नाही. अपुरी माहिती, अपुरी माहिती काय लावलंय? शाळेतलं प्रत्येकच गणित अपुरं असतं. "५ मजूर एक भिंत ८ दिवसांत बांधतात, तर १० मजूर किती दिवसांत?" सगळे मजूर सारखेच वेगाने काम करतात हे कुठे लिहिलंय? दहा जण एका भिंतीपाशी मावतात का? पाऊस पडला तर? तरी आपण ४ लिहितोच ना. टाकी भरणारा नळ सगळा वेळ एकाच धारेने वाहतो, आगगाडी कुठे थांबत नाही, व्यापारी भाव बदलत नाही. हे सगळं आपण गृहीत धरतो. मग काकांनी कोपरे काटकोनात धरले तर त्यांनाच महापिशाच्च का?

खडूफळा
राणेसाहेब, मुद्दा रास्त आहे. छत्तीस वर्षं शिकवलं, मजूर कधी आजारी पडू दिला नाही. तिथे विचारणारा, सोडवणारा आणि तपासणारा, तिघांनाही ते गृहीत माहीत असतं. तो अलिखित करार आहे.

पण काकांचं तसं नाही. कोपरे काटकोनात धरायचे तर समोरासमोरच्या बाजू सारख्या हव्यात. इथे ६० समोर ५० आहे आणि ४० समोर ३०. हे गृहीत दिलेल्या आकड्यांशीच भांडतंय. माहिती कमी पडली तर भर घालू नये असं मी म्हणत नाही. भर घातली की सांगावं, "मी अमुक धरलं आहे." वहिनींनी तेच केलं बघा. "धरा" म्हणाल्या.

रोखठोक_राणे
वहिनींच्या बाबतीत माघार.

परदेशी_पोळी
मोबाईलवरून टंकतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. लहानपणी शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत "पुढची संख्या ओळखा" असायचं. १, २, ४, ८, १६, पुढे काय? ३२ लिहिलं की गुण. पण वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा (तीन रेषा एका जागी येऊ द्यायच्या नाहीत) आणि आतले तुकडे मोजा. एक बिंदू १ तुकडा, दोन २, तीन ४, चार ८, पाच १६, आणि सहा बिंदूंना ३१! मी रात्री जेवणाच्या टेबलावर पाच वेळा मोजले. नवरा म्हणाला, एक तुकडा खाल्लास का.

तेव्हापासून मला ते प्रश्न बघवत नाहीत. पाच आकड्यांवरून सहावा ठरतच नाही. कुठलाही आकडा लिहा, त्याला बसणारं सूत्र काढून देता येतं.

चष्मिष्ट
+१. तिथे प्रश्न गणिताचा नसतो, पेपर काढणाऱ्याच्या मनातलं ओळखण्याचा असतो.

स्पर्धा_परीक्षार्थी
आम्हाला तर याचीच तयारी करावी लागते. विधान १ पुरेसं आहे का, विधान २ पुरेसं आहे का, दोन्ही मिळून तरी पुरतात का. उत्तर काढायचंच नसतं, निघेल की नाही एवढं सांगायचं. सुरुवातीला हात शिवशिवतो, उत्तर काढल्याशिवाय राहवत नाही, आणि वेळ संपतो.

पण उलटा फसवणारा प्रश्नही सांगतो. दोन समकेंद्री वर्तुळं. मोठ्याची एक जीवा धाकट्याला जेमतेम स्पर्श करते. जीवा १४ सेंमी. दोन वर्तुळांमधल्या कड्याचं क्षेत्रफळ किती? त्रिज्या एकही दिलेली नाही. मी "माहिती अपुरी" वर टिक करून पुढे गेलो. उत्तर १५४.

खडूफळा
वा, सुंदर उदाहरण. मोठी त्रिज्या, धाकटी त्रिज्या आणि जीवेचा अर्धा भाग, यांचा काटकोन त्रिकोण होतो. म्हणून दोन त्रिज्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे ७ चा वर्ग, ४९. कड्याला नेमकी तीच वजाबाकी लागते, त्रिज्या वेगवेगळ्या लागतच नाहीत. ४९ गुणिले २२/७, झाले १५४. म्हणून अज्ञात किती आणि समीकरणं किती हे नुसतं मोजून भागत नाही. विचारलंय काय, तेही बघावं लागतं.

टवाळ_टिनपाट
मी धाकटं वर्तुळ शून्य केलं. मग जीवा म्हणजेच व्यास. तीन सेकंदांत १५४.

चष्मिष्ट
टिनपाटराव, ही युक्ती परीक्षेत चालते, कारण एकच उत्तर आहे याची हमी पेपर काढणाऱ्याने दिलेली असते. अंगणाला लावून बघा. "सोयीचा चौकोन घेतो" म्हणालात की झालात काका.

जुनी_पोथी
माहिती अपुरी आहे हीच माहिती, असंही एक जुनं कोडं आहे. तीन मुलींच्या वयांचा गुणाकार ३६, बेरीज म्हणजे घराचा नंबर. पाहुणा बाहेर जाऊन नंबर बघून येतो आणि म्हणतो, "अजून कळत नाही." आई म्हणते, "थोरली गाणं शिकते." पाहुणा लगेच वयं सांगतो. नंबर आपल्याला माहीत नाही, तरी आपल्यालाही सांगता येतात. कशी?

सायलीची_आई
सायली आणि मी दोघींनी सोडवलं! बेरीज दोनदा येते ती फक्त १३: १, ६, ६ आणि २, २, ९. पाहुणा अडला म्हणजे नंबर १३ असणार. एकच थोरली म्हणून ९, २, २. सायली विचारतेय, जुळ्यांतली एक दहा मिनिटांनी थोरली नसते का?

रोखठोक_राणे
सायलीला माझा नमस्कार सांगा.

गवंड्याचा_नातू
रच्याकने, त्रिकोणसुद्धा कोणत्याही तीन मापांनी ठरत नाही हं. शाळेत बाबाबा, बाकोबा, कोबाको घोकलं (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन). पण "बाबाको" कसोटी का नाही, हे तेव्हा मास्तरांनी फळ्यावर एक कंस काढून दाखवलं होतं. कोन ३०, लगतची बाजू १०, समोरची ६. कंपासचा कंस खालच्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे दोन त्रिकोण. समोरची ५ घेतली की कंस नुसता टेकतो, एकच त्रिकोण. ४ घेतली की पोचतच नाही.

खडूफळा
आणि "कोकोको" असेल तर आकार कळतो, आकारमान नाही. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं बरंचसं काम कोन मोजण्याचंच होतं, पण निव्वळ कोनांवरून देश ताटाएवढा की आभाळाएवढा ते कळत नाही. म्हणून लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधी साडेसात मैलांची एक पायारेषा जमिनीवर साखळीने मोजून घेतली. तिथून पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेले. हा लॅम्बटन १८२३ मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटला, काम करता करताच. त्याची कबर तिथे आहे.

ओंजळ
किती वाचलं मी आज! मूळ प्रश्नाकडे येते. दादाला म्हटलं कर्ण मोज. तो म्हणतो, मध्ये तुळशी वृंदावन आहे, टेप सरळ जात नाही. आता?

गवंड्याचा_नातू
एका कर्णाच्या आड येत असेल, दोन्हींच्या येतं का? कोणताही एक चालतो. दोन्ही अडले तर कोपऱ्यापासून एका भिंतीवर १० फूट खूण करा, दुसऱ्या भिंतीवर १० फूट, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. १४ फूट पावणेदोन इंच आलं तर कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे. जास्त आलं तर फाकलेला.

चष्मिष्ट
रीत बरोबर, पण जपून. ६० आणि ३० च्या कोपऱ्यात असं मोजलंत तर तिथली एका इंचाची चूक पूर्ण कर्णावर जवळपास चार इंच होते. पूर्ण कर्ण मिळत असेल तर तोच घ्या. दोन्ही मिळाले तर फारच छान, दुसरा पडताळ्याला.

ओंजळ
आली मापं! रविवारी दादा, भाचा आणि टेपचं दुसरं टोक धरायला खुद्द अण्णाकाका. एक कर्ण वृंदावनाला चाटून गेला, पण गेला: ५५ फूट. दुसरा चुकवता येईना, म्हणून वृंदावनाच्या वरून टेप ताणून धरला: ७३ फूट ८ इंच.

चष्मिष्ट
५५ धरून दुसरा ७३ फूट साडेसात इंच यायला हवा. अर्ध्या इंचाचा फरक, म्हणजे दादांचा हात चांगला आहे. क्षेत्रफळ १८१४ चौ. फूट. ठेकेदाराच्या १९२५ पेक्षा १११ ने कमी. ६५ रुपयांनी ७,२१५ वाचले.

टवाळ_टिनपाट
७,२१५ मध्ये धाग्यावरच्या सगळ्यांना मिसळ येते. नाक्यावर भेटू.

ओंजळ
ठेकेदार १८१४ ला कबूल झाला, कुरकुर न करता. काका म्हणाले, "मी स्थूल सांगितलं होतं." (श्लोक भाच्याने वाचून दाखवला होता. पिशाच्चाचा मी लपवून ठेवलाय.) आता दादा विचारतोय, वृंदावनाची जागा वजा करायची तर किती? त्याच्या चारी बाजू साडेतीन फूट आहेत.

जुनी_पोथी
कर्ण?

ओंजळ
थांबा, फोन करते.

ओंजळ
पाच फुटाला अर्धा इंच कमी. दोन्ही.

खडूफळा
चौरस आहे. सव्वाबारा वजा करा.